खेळ येणार म्हणतात, ते कशावरून?

"उद्या सुट्टी आहे" ही बातमी वर्गात कशी शिरते, याचा अनुभव तुम्हा सर्वांना आहेच. एकजण म्हणतो, शिपाईमामांनी सांगितले. दुसरा म्हणतो, मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे पत्र मी स्वतः पाहिले. मधली सुट्टी होईपर्यंत बातमी साऱ्या शाळेला ठाऊक होते. फक्त सूचनेच्या वहीला तेवढी ठाऊक नसते!

आज मी तुम्हाला अशाच एका बातमीची हकीकत सांगणार आहे. मात्र ही बातमी एका शाळेत नव्हे, तर अनेक देशांत पसरली होती. आणि ती एक दिवस नव्हे, तर दहा वर्षे टिकली. विषय तुमच्या आवडीचा आहे: एक व्हिडिओ गेम. खेळण्यात वेळ घालवू नका असे सांगायला मी येथे आलेलो नाही, तेव्हा निर्धास्तपणे वाचा.

स्क्वेअर या जपानी कंपनीने ३१ जानेवारी १९९७ रोजी 'फायनल फँटसी ७' हा खेळ जपानमध्ये विक्रीला आणला. सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन या यंत्रावर तो चाले आणि तीन तबकड्यांत मावे. क्लाउड नावाचा एक तरुण शिपाई, मिडगार नावाचे काळवंडलेले यंत्रनगर आणि पृथ्वीसारख्या एका ग्रहाचा जीवनरस शोषून घेणारी एक बलाढ्य कंपनी, असे त्याचे कथानक. खेळ अफाट गाजला. पुढील वर्षांत त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या.

आता आठ वर्षे पुढे चला. मे २००५. अमेरिकेतील लॉस एंजलिस शहरात व्हिडिओ गेमचे मोठे वार्षिक प्रदर्शन भरले होते. सोनी आपल्या येऊ घातलेल्या नव्या यंत्राची, प्लेस्टेशन ३ ची, ताकद दाखवीत होती. त्यात पडद्यावर एक छोटी चित्रफीत झळकली: 'फायनल फँटसी ७' चा सुरुवातीचा प्रसंग, पण नव्या यंत्राच्या ताकदीने नव्याने रेखाटलेला. तेच मिडगार, तीच आगगाडी, तोच क्लाउड. मात्र जुन्या ओबडधोबड आकृत्यांच्या जागी जिवंत वाटणारी चित्रे. कंपनीने (आता तिचे नाव स्क्वेअर एनिक्स झाले होते) स्पष्ट केले की हे केवळ यंत्राचे प्रात्यक्षिक आहे, खेळ नव्याने काढण्याचा बेत नाही. पण चाहते कसले ऐकतात! "बेत नाही तर दाखविले कशाला?" असे त्यांनी विचारले, आणि त्या दिवसापासून जगभर वाद सुरू झाला. खेळ येणार, की नाही येणार?

या वादाचा निकाल काय लागला ते पुढे येईलच. कोण बरोबर ठरले यापेक्षा, वाद चालू असताना शहाण्या माणसाने किती विश्वास ठेवायला हवा होता, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. गंमत अशी, की या प्रश्नाला चक्क गणिताने उत्तर देता येते.

'नव्याने काढणे' म्हणजे काय?

आधी शब्द नीट समजून घेऊ, कारण निम्मी भांडणे शब्दांतूनच होतात. एखाद्या जुन्या पुस्तकाचे तीन प्रकारे पुनरागमन होऊ शकते. जुनेच पुस्तक नव्या छापखान्यात जसेच्या तसे छापता येईल. अक्षरजुळणी सुधारून, चित्रे स्वच्छ करून सुधारित आवृत्ती काढता येईल. किंवा कथानक तेच ठेवून सारे पुस्तक पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिता येईल. व्हिडिओ गेमच्या जगात पहिल्याला पोर्ट, दुसऱ्याला रीमास्टर आणि तिसऱ्याला रीमेक म्हणतात. चाहत्यांना हवा होता तो तिसरा प्रकार, आणि तोच सर्वांत कष्टाचा.

कष्टाचा का, ते पाहा. मूळ प्लेस्टेशनची मुख्य स्मृती होती अवघी २ मेगाबाइट. तुमच्या घरातील मोबाइलने काढलेले एक छायाचित्रसुद्धा आज तीत मावणार नाही! एवढ्याशा स्मृतीत शहर उभे करायचे म्हणून कलावंतांनी एक युक्ती केली. रस्ते, घरे, कारखाने यांची सपाट चित्रे त्यांनी मोठ्या संगणकांवर आधीच तयार करून तबकडीत भरून ठेवली. खेळताना यंत्र ते चित्र पडद्यासारखे मागे टांगी आणि पुढे थोड्याशा बहुभुजांनी बनलेल्या बाहुल्या चालवी. नाटकाच्या रंगमंचावर रंगविलेला राजवाड्याचा पडदा असतो ना, अगदी तसे. प्रेक्षकाला राजवाडा दिसतो. पण पडद्यामागे जाऊन पाहिले तर तेथे मागची बाजूच नसते.

आता रीमेक करायचा म्हणजे त्या प्रत्येक पडद्याच्या जागी खराखुरा राजवाडा बांधायचा. नव्या खेळात खेळाडू मान वळवून मागे पाहतो, वर पाहतो, कोपऱ्यात डोकावतो. म्हणून घराच्या चारही भिंती लागतात, जिन्याची खालची बाजू लागते, दिव्याची सावली कोठे पडेल त्याचा हिशेब लागतो. प्लेस्टेशन ३ च्या मुख्य आणि चित्रांसाठीच्या मिळून दोन स्मृती प्रत्येकी २५६ मेगाबाइटच्या होत्या. जागा वाढली हे खरे. पण ती जागा भरण्याचे काम माणसांनीच करायचे होते. मूळ खेळाचे दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनी २०१० च्या सुमारास सांगितले होते की, त्या वेळच्या त्यांच्या नव्या खेळाला साडेतीन वर्षे लागली. तेवढ्याच दर्जाची चित्रे घालून सातवा खेळ पुन्हा बांधायचा तर त्याच्या तीन-चार पट काळ लागेल. म्हणजे दहा वर्षांहून अधिक!

दोन मिनिटांचे प्रात्यक्षिक आणि कित्येक तासांचा खेळ यांत एवढे अंतर असते. घराचा एक सुंदर दरवाजा पाहून घर बांधून झाले असे मानू नये.

अफवा कशावर जगते?

गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९४७ साली अफवांवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असतो. एक, विषय ऐकणाऱ्याला किती महत्त्वाचा आहे. आणि दोन, त्याबाबतची खरी माहिती किती अस्पष्ट आहे. बेरीज नव्हे, गुणाकार, हे ध्यानात ठेवा. गुणाकारात एक अंक शून्य असला की उत्तर शून्य. सुट्टीची बातमी महत्त्वाची आहे, पण सूचना फळ्यावर लिहिलेली असेल तर अफवा उठत नाही. उलट, शेजारच्या गावातील एखाद्या दुकानाची वेळ तुम्हाला ठाऊक नसते, तरी तिच्याविषयीही अफवा उठत नाही, कारण तुम्हाला तिचे सोयरसुतक नसते. आपल्या खेळाच्या बाबतीत दोन्ही अंक मोठे होते. चाहत्यांचा जीव त्यात अडकलेला, आणि कंपन्या तर आपले बेत नेहमीच गुपित ठेवतात.

या विषयावरील एक महत्त्वाचे जुने काम आपल्याच देशात झाले आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी गोळा केल्या आणि १९३५ साली त्यांवर निबंध प्रसिद्ध केला. धक्का तर बसून गेलेला, तरीही अनेक अफवा याहून मोठे संकट येणार असेच सांगत होत्या. घाबरलेल्या माणसांनी स्वतःला आणखी घाबरवावे, हे विचित्र नाही का? लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुढे १९५७ साली याचा एक अर्थ सुचविला. ज्यांना धक्का जाणवला पण आसपास पडझड दिसली नाही, त्यांच्या मनात भीती होती आणि भीतीला साजेसे कारण मात्र डोळ्यांसमोर नव्हते. अफवेने ते कारण पुरविले. भीती आधी आली, तिचे समर्थन मागाहून आले.

आपल्या खेळाकडे तसेच पाहा. तेथे भीतीऐवजी आशा होती. आशा आधी आली, पुरावे मागाहून गोळा होत गेले. कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याने मुलाखतीत 'सात' म्हटले, की झाला पुरावा. एखाद्या चित्रफितीत काळोखी गल्ली दिसली, की ती मिडगारचीच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसे हे. पण कावळा बसला नि फांदी तुटली नाही असे शेकडो प्रसंग कोणी मोजून ठेवीत नाही.

तुमच्या मित्रांवर एक प्रयोग करून पाहा. पीटर वेसन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने तो १९६० साली प्रसिद्ध केला. मित्राला सांगा, "माझ्या मनात तीन अंकांविषयी एक नियम आहे. २, ४, ६ हे अंक त्या नियमात बसतात. तू दुसरे अंक सुचव, ते बसतात की नाही हे मी सांगतो. खात्री झाली की नियम सांग." बहुतेक मित्र ८, १०, १२ सुचवितात. "बसतात." मग २०, २२, २४. "बसतात." आणि मग विजयी मुद्रेने ते म्हणतात, "दोन-दोनने वाढणारे अंक!" चूक. नियम एवढाच आहे की प्रत्येक अंक आधीच्यापेक्षा मोठा असावा. १, २, ३ किंवा ५, ९, ८० एकदा सुचविले असते तर चटकन कळले असते. परंतु आपला तर्क खोटा पाडील असा प्रश्न विचारण्याची आपल्याला सवयच नसते.

पुराव्याचे वजन

मग पुरावा तोलायचा कसा? अठराव्या शतकात टॉमस बेझ नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक होऊन गेले. त्यांचा या विषयावरील निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ साली, प्रसिद्ध झाला. त्यातील विचार पुढे संभाव्यतेच्या गणितात फार मोठा ठरला. सूत्र न मांडता आपण तो नुसत्या मोजणीने समजून घेऊ. पुढचे आकडे मी केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, ही गोष्ट विसरू नका.

समजा, चाहत्यांना हवेहवेसे वाटणारे १०० जुने खेळ आहेत. त्यांपैकी १० खेळांच्या रीमेकचे काम गुपचूप चालू आहे, ९० चे नाही. कोणताही पुरावा नसताना एखादा खेळ येण्याची शक्यता झाली १०० त १०.

आता पहिला पुरावा. कोणी सांगतो, "माझा मामा त्या कंपनीत आहे, त्याने सांगितले की काम चालू आहे." असे मामा काम चालू असलेल्या १० पैकी ८ खेळांना असतात असे धरा. आणि काम चालू नसलेल्या ९० पैकी? तेथेही मामांना तोटा नाही! ७२ खेळांना असतात. म्हणजे मामा असलेले एकूण खेळ ८०, त्यांतले खरे ८. शक्यता किती झाली? ८० त ८, म्हणजे पुन्हा १०० त १०. मामा येऊन गेला, चहा पिऊन गेला, पण तराजूचा काटा तसूभरही हलला नाही.

दुसरा पुरावा. कंपनीने त्या खेळाच्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून पुन्हा नोंदणी केली. काम चालू असलेल्या १० पैकी ९ बाबतींत असे घडते असे धरू. पण कंपन्या आपली जुनी नावे दुसऱ्याने पळवू नयेत म्हणूनही नोंदणी करीत असतात. तेव्हा ९० पैकी २७ बाबतींतही ती आढळेल. एकूण ३६ नोंदण्या, त्यांतल्या ९ खऱ्या. शक्यता झाली १०० त २५. काटा हलला, पण नाचण्याइतका नव्हे.

तिसरा पुरावा. चित्रपटाला जसे प्रमाणपत्र लागते, तसे अनेक देशांत व्हिडिओ गेमलाही वयोगट ठरविणाऱ्या मंडळाची पसंती लागते. या मंडळांच्या नोंदींतून काही खेळांची नावे घोषणेआधीच फुटलेली आहेत. काम चालू असलेल्या सर्वच खेळांचे नाव अशा नोंदीत सापडणार नाही; समजा, १० पैकी ५ चेच सापडले. पण काम नसलेल्या ९० पैकी एखाद्याचेच चुकून सापडेल. एकूण ६ नावे, त्यांतली ५ खरी. शक्यता उडी मारून १०० त ८३ वर गेली!

येथे थोडे थांबून विचार करा. व्यापारचिन्हाचा पुरावा १० पैकी ९ खऱ्या खेळांत आढळला, तरी तो हलका. मंडळाच्या नोंदीचा केवळ ५ खेळांत आढळला, तरी तो भारी. असे का? कारण पुराव्याचे वजन एका संख्येवर नव्हे, तर दोन संख्यांच्या गुणोत्तरावर ठरते: बातमी खरी असताना तो किती वेळा दिसेल, आणि बातमी खोटी असतानाही तो किती वेळा दिसेल. मामाच्या बाबतीत गुणोत्तर १, व्यापारचिन्हाच्या बाबतीत ३, मंडळाच्या नोंदीच्या बाबतीत ४५. वादावादीत माणसे पहिली संख्या मोठमोठ्याने सांगतात. दुसरी कोणी विचारीतच नाही.

या कसोटीवर कंपनीचा नकारही घासून पाहता येतो. "सध्या जाहीर करण्यासारखे काही नाही" असे काम नसलेली कंपनी म्हणते, आणि काम असलेली कंपनीही घोषणेच्या आदल्या दिवसापर्यंत तेच म्हणते. गुणोत्तर १ च्या जवळपास, म्हणून वजन जवळजवळ शून्य. एक पक्ष त्या नकाराने खचतो, दुसरा डोळे मिचकावून म्हणतो, "पाहा, नाकारतात म्हणजे नक्कीच!" दोघेही चुकतात. कितासे यांचे म्हणणे मात्र वेगळ्या जातीचे होते. त्यात कारण होते, कामाचे मोजमाप होते, आणि ते आपल्याला दुसऱ्या वाटेने तपासता येत होते. असा सकारण नकार मी तरी गंभीरपणे घेईन.

एकाच आडाचे पाणी

तुम्ही विचाराल, पुरावे दहा असतील तर? प्रत्येक हलका असला तरी मिळून भारी होणार नाहीत का? होतील, पण ते दहा असले पाहिजेत. दहा बादल्यांत पाणी दिसले म्हणजे दहा आड आहेत असे होत नाही. सुट्टीची बातमी दहा मुलांनी सांगितली, पण दहाही जणांनी ती एकाच शिपाईमामांकडून ऐकली, तर पुरावा एकच.

याचे एक झकास उदाहरण २०२१ साली घडले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात एनव्हिडिया कंपनीच्या खेळसेवेतील हजारो नावांची एक यादी बाहेर फुटली. तीत कधीच जाहीर न झालेल्या अनेक खेळांची नावे होती. कंपनीने खुलासा केला की ही यादी अंतर्गत नोंदी आणि चाचण्यांसाठी आहे, तीत प्रसिद्ध झालेली तशीच केवळ अंदाजाने घातलेली नावेही आहेत, आणि यादीत नाव असणे म्हणजे घोषणा नव्हे.

पुढे काय झाले? यादीतील 'क्रोनो क्रॉस' या जुन्या खेळाची सुधारित आवृत्ती एप्रिल २०२२ मध्ये निघाली. त्याच महिन्यात 'किंगडम हार्ट्स ४' जाहीर झाला. 'फायनल फँटसी टॅक्टिक्स' ची नवी आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली. एकेक नाव खरे ठरू लागताच यादीवरचा विश्वास वाढला, आणि तो वाढणे अगदी योग्यच होते. कारण हजारांतून अशी अप्रसिद्ध नावे नुसत्या अंदाजाने अचूक लागणे कठीण. पण त्याच यादीत 'फायनल फँटसी ९' च्या रीमेकचेही नाव होते. यादी फुटून तीन वर्षे उलटली तरी त्याची घोषणा झालेली नव्हती. आता या नवव्या खेळाविषयी कोणी "मलाही आतून कळले आहे" असे म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न कोणता विचाराल? "तुला हे त्या यादीआधी कळले, की यादीनंतर?" यादीनंतर कळले असेल, तर बादली नवी, आड तोच असण्याचा संभव फार.

गप्प राहण्याचे मोल

आता पुन्हा आपल्या सातव्या खेळाकडे येऊ. २००५ नंतर दरवर्षी प्रदर्शन भरे, चाहते आशेने वाट पाहत, आणि घोषणा होत नसे. काही म्हणत, "यंदा नाही म्हणजे कधीच नाही." काही म्हणत, "यंदा नाही म्हणजे पुढच्या वर्षी नक्की." या गप्प राहण्याला काही वजन आहे का?

आहे, आणि तेही मोजता येते. समजा, २००५ साली तुमचा विश्वास निम्मा-निम्मा होता. अशा १०० प्रसंगांपैकी ५० मध्ये खेळ येणार आहे, ५० मध्ये नाही. जे येणार आहेत, त्यांपैकी दर प्रदर्शनात पाचवा हिस्सा जाहीर होतो असे धरू. पहिल्या प्रदर्शनात १० जाहीर झाले असते. तुमचा झाला नाही. म्हणजे तुम्ही उरलेल्या ९० त आहात आणि त्यांत येणारे ४० आहेत. शक्यता १०० त ४४. दुसऱ्या वर्षीही काही नाही: ८२ त ३२, म्हणजे १०० त ३९. तिसऱ्या वर्षी सुमारे ३४. पाहा, शक्यता एका फटक्यात शून्य होत नाही आणि जागची स्थिरही राहत नाही. ती हळूहळू उतरणीला लागते. २००६ ते २०१४ अशी नऊ प्रदर्शने कोरडी गेल्यावर ती १०० त सुमारे १२ उरते. पाहिजे तर हिशेब करून पाहा. पाचात चार या अपूर्णांकाचा नवव्या घातापर्यंत गुणाकार करावा लागेल.

त्यात डिसेंबर २०१४ मध्ये एक कटू प्रसंग घडला. लास व्हेगास येथील सोनीच्या मेळाव्यात कंपनीचा प्रतिनिधी मंचावर आला आणि 'फायनल फँटसी ७' प्लेस्टेशन ४ वर येणार असे त्याने सांगितले. क्षणभर लोकांचे श्वास थांबले. मग कळले, की हा रीमेक नव्हे, पोर्ट आहे. जुनेच पुस्तक, नवा छापखाना. चाहत्यांचे चेहरे पडले. अनेकांनी त्या दिवशी आशा सोडली. आता जुनाच खेळ विकायला काढला म्हणजे नवा कशाला काढतील, असा त्यांचा तर्क होता आणि तो काही अगदी वेडगळ नव्हता.

आणि १५ जून २०१५ रोजी, लॉस एंजलिसच्या त्याच वार्षिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या सोनीच्या कार्यक्रमात पडदा उजळला. काळोखे शहर, पाठीवर भली मोठी तलवार घेतलेला तरुण, आणि शेवटी शब्द उमटला: रीमेक. सभागृहात एकच आरोळी उठली.

म्हणजे '१०० त १२' म्हणणारा मूर्ख ठरला का? मुळीच नाही. १०० त १२ म्हणजे साधारण आठांत एक. आठांत एक घडणाऱ्या गोष्टी घडतातच. फासा एकदा टाकून सहा पडणे याहून फार सोपे नाही. आणि दहा वर्षे "येणारच, माझ्या मामाने सांगितले" असे म्हणणारा शहाणा ठरला का? त्याचे उत्तर बरोबर आले, पण रीत? गणिताच्या वहीत रीत चुकून उत्तर बरोबर आले तर तुमच्या बाई काय करतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

खरे तर चाहते दोन निरनिराळे प्रश्न एकत्र करून भांडत होते. "हा खेळ आज बनतो आहे का?" हा एक, आणि "हा खेळ कधीतरी बनेल का?" हा दुसरा. २००५ च्या प्रात्यक्षिकावरून पहिल्याचे उत्तर 'हो' असे काढणे चूक होते. कंपनीने तसे सांगितलेच होते. दुसऱ्याचे उत्तर मात्र काळाबरोबर बदलू शकत होते. प्लेस्टेशन ४ ची स्मृती ८ गिगाबाइट झाली, खेळ बांधण्याची तयार साधने सुधारली (हा रीमेक अनरिअल इंजिन ४ या तयार साधनावर बांधला गेला), आणि जुना खेळ खेळलेली मुले मोठी होऊन खिशात पैसे बाळगू लागली.

कितासे यांनी केलेले कष्टाचे मोजमाप तेवढे चुकले नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने जाहीर केले की खेळ एकसंध नव्हे, भागांत येईल. तेत्सुया नोमुरा यांच्या दिग्दर्शनाखाली तयार झालेला पहिला भाग १० एप्रिल २०२० रोजी निघाला. त्यात कथा केवळ मिडगार शहरापुरती होती. मूळ खेळात जो भाग पहिल्या काही तासांत संपे, तो येथे एक पूर्ण खेळ झाला आणि त्याला दोन ब्लू-रे तबकड्या लागल्या. पहिल्या तीन दिवसांत जगभरात पस्तीस लाखांहून अधिक प्रती गेल्या. दुसरा भाग २९ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. तीन भागांत गोष्ट पुरी करण्याचे ठरले. शिवाय कथेत जागोजागी बदल केले गेले, इतके की काही जुने चाहते म्हणाले, हा आमचा खेळच नव्हे!

आता मला सांगा: २००५ साली दोन मित्रांनी पैज लावली असती, एक म्हणतो 'येणार', दुसरा म्हणतो 'नाही', तर २०२० साली चिवडा कोणी कोणाला द्यायचा? एकतृतीयांश गोष्ट, बदललेले कथानक, पंधरा वर्षांनी. 'येणार' म्हणजे नेमके काय, हे पैज लावतानाच ठरवायला हवे होते.

तुमच्यापैकी ज्यांना हात चालवून पाहायचा असेल, त्यांच्यासाठी नववा खेळ आहेच; तो या अंकाच्या वाचनापर्यंत जाहीर झाला असेल तर दुसरा कोणताही घ्या, किंवा तुमच्या शाळेच्या सहलीची बातमी घ्या. वहीच्या शेवटच्या पानावर आधी एक वाक्य लिहा: काय घडले म्हणजे ते 'आले' असे मानाल, आणि कोणत्या तारखेपर्यंत. त्याखाली १०० पैकी तुमचा आकडा घाला. मग दर वेळी नवी बातमी कानावर आली की दोन प्रश्न विचारून आकडा वरखाली करा आणि शेजारी तारीख लिहा. वर्गातील चार-पाच जणांनी मिळून केले तर अधिक मजा येईल. मात्र एकमेकांचे आकडे शेवटपर्यंत पाहायचे नाहीत. नाहीतर पुन्हा आड एकच.